शंखाचं पाणी

माझी मुलगी बोलत नव्हती. तिसरं वर्ष संपत आलं तरी तोंडातून शब्द म्हणून नाही. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, तीही जोडीने. हवं ते बोटाने दाखवायची, नको असलं की तोंड फिरवायची. आवाज म्हणाल तर एक 'अं' आणि दुसरं रडणं. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला समजवायचा, अगं मुली उशिरा बोलतात. त्याच तोंडाने तेच लोक, मुली लवकर बोलतात हो, असंही म्हणायचे. मी चिडायचे आणि रात्री मात्र मनातून घाबरून जायचे.

कानांच्या तपासण्या झाल्या, कानात काही दोष निघाला नाही. मग एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे जायला लागलो. त्या म्हणाल्या, घरात तिच्या कानावर एकच भाषा पडू द्या, गोंधळ नको. त्यांच्या मनात इंग्रजी की मराठी एवढंच होतं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तिच्याशी बोलताना 'आहे', 'नाही', 'आम्ही' असं जरा नीट बोलत जा.

सासूबाईंचं माहेर उरणचं, दर्यावर जाणाऱ्यांचं. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी बोलता ती मराठी, नि आमी बोलतो ती काय इंग्रजी हाय?" मी पनवेल गावातली, बाजारात वाढलेली, मलाही तसं बोलता येतं. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि त्यानंतर माझ्यासमोर त्या नातीशी फारशा बोलेनाशा झाल्या. मी कामाला बाहेर पडले की काय बोलत असतील ते त्या दोघींनाच ठाऊक.

शंखाच्या पाण्याचं त्यांनीच काढलं असं मात्र नाही. माझी आईही तेच सांगत होती. शंखात रात्रभर पाणी ठेवायचं आणि सकाळी चमचाभर मुलाला पाजायचं, की वाचा फुटते. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगते आणि पूजेच्या दुकानातून पिशवीत लपवून शंख आणते. महिनाभर पाजलं. फुटलं काही नाही. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतंच. एकदा ओट्यापाशी त्या हळूच म्हणाल्या, "दुकानातला हाय तो. पालिश मारलेला. दर्याचा पायजे." आणि त्यांनी भावाला फोन केला.

भाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. त्यांची बोट आहे. एका सकाळी बाजारात मासळी उतरवून ते आमच्याकडे नवीन पनवेलला आले. दारातूनच बांगडे भरलेली पिशवी दिली आणि दुसऱ्या एका छोट्या पिशवीत खारं पाणी, त्यात शंख. "मालवनच्या बाजूला गेल्तो, तितं जाल्यात आला," म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही. खाली टेम्पो उभा होता.

शंख फार देखणा होता, हे मी आजही कबूल करते. माझ्या तर्जनीएवढा लांब, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. सोनेरी तपकिरी अंगावर पांढरे त्रिकोण, मोठ्याला चिकटून छोटा, छोट्याला चिकटून आणखी छोटा, बारीक टाक्यांचं भरतकाम असावं तसे. फक्त त्याला आपल्या पूजेतल्या शंखासारखं तोंड नव्हतं. एका कडेला वरपासून खालपर्यंत नुसती चीर. मी म्हटलं, "आई, ह्यात पाणी भरायचं कसं?" त्या म्हणाल्या, "ह्यात नाय भरायचा. ह्यालाच पान्यात ठेवायचा." शंख धुऊन त्यांनी स्टीलच्या वाडग्यात ठेवला, वर माठातलं पाणी ओतलं आणि वाडगा देवाजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवला. मी मोबाईलवर फोटो काढला, माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आता तरी बोलेल. मग बांगडे साफ करायला बसले.

हात मासळीने भरलेले असताना मावसभावाचा फोन आला. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एरवी वाढदिवसाला अंगठ्याचं चित्र टाकण्यापलीकडे तो ग्रुपवर कधी उगवत नाही. कोपराने स्पीकर लावला.

"ताई, तो शंख रिकामा आहे की आत जीव आहे?"

"काय माहीत. मामांनी जाळ्यातून आणलाय."

"कुणीही हात लावू नका त्याला. मुलगी कुठे आहे?"

मुलगी कुठे आहे हे त्याने ज्या आवाजात विचारलं, तो ऐकून मी हात न धुताच उठले. मी बाहेर आले. वाडगा रिकामा होता. स्टुलाखाली पाणी सांडलं होतं आणि ओल्या पावलांचे ठसे गॅलरीकडे गेले होते. ती गॅलरीत तुळशीच्या कुंडीपाशी मांडी घालून बसली होती आणि तिच्या उजव्या मुठीत शंख होता. निमुळतं टोक अंगठ्याशेजारून बाहेर आलेलं. त्या टोकातून एक बारीक नळी निघाली होती, टोकाला लाल, आणि ती हलत होती.

मावसभाऊ फोनवरून सांगत होता. झडप घालू नको, तो घाबरला की मारतो. त्याच्याकडे एक दात असतो, पोकळ सुईसारखा, तो दात तो फेकून मारतो आणि त्यातून विष सोडतो. ह्या नक्षीचा जो असतो ना, तो साधा नाही. माणसं मेलेली आहेत. हे त्याने सांगायला नको होतं, पण तो शिक्षक आहे, अर्धवट सांगणं त्याला जमत नाही. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर उभी होते, हातांना बांगड्यांची खवलं चिकटलेली, आणि मला पुढे पाऊल टाकवेना. मी म्हणत होते, "सोड बाळा, खाली ठेव, दे मला." ती माझ्याकडे बघून हसली आणि मूठ आणखी घट्ट केली. तिला वाटलं मी खेळतेय.

माझ्या मागून सासूबाई आल्या. त्यांनी बादलीत नळाचं पाणी घेतलं होतं. ती तिच्यासमोर ठेवून त्या खाली बसल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "टाक गो बाय, पान्यात टाक. डुबुक करून." हे त्यांचं रोजचं काहीतरी असणार, कारण पोरीने लगेच हात बादलीवर नेला आणि मूठ उघडली. डुबुक. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी तिला उचलून आत पळाले.

हात धुतला, बोटं एकेक करून बघितली. मधल्या बोटाच्या पेरावर एक लाल ठिपका होता. डास चावल्यावर असतो तेवढा, किंवा टाचणी लागल्यावर. तो काल होता का? आठवेना. आई असून मला आपल्या मुलीच्या बोटावर काल काय होतं ते आठवेना. भावाला विचारलं, चावलं असतं तर रडली नसती का? तो म्हणाला, "नेहमी दुखतंच असं नाही. कधी नुसतं टोचल्यासारखं. उतारा नाहीये ताई ह्याला. श्वासाचं मशीन असेल अशा ठिकाणी ने. हात बांध, हलवू देऊ नको. आणि वाटेत बघत राहा, पापण्या मिटायला लागतात का, जीभ जड होते का, बोलणं अडखळतं का."

"ती बोलतच नाही रे," मी म्हटलं.

"निघ तू," तो म्हणाला.

ओढणीने तिचा हात बांधला. सासूबाईंनी तोवर सांडशीने शंख उचलून डब्यात टाकला, झाकण लावलं आणि डब्याला सुतळी गुंडाळली, डॉक्टरला दाखवायला म्हणून. रिक्षा मिळाली. नवऱ्याला फोन केला. तो बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला आहे. निघतो म्हणाला आणि निघालाही, पण उड्डाणपुलावर आमची रिक्षा अडकली तेव्हा त्याचा फोन आला, पळस्प्याला पोचतोय, पुढे ट्रेलर आडवा झालाय. त्याच्या आवाजात रडू होतं. मी त्याला धीर द्यायला हवा होता. मी म्हटलं, कसाही ये.

पुलावर पुढे बस, बाजूला सिमेंटचा मिक्सर, मागे हॉर्न. ती माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे. मी सारखं तिच्या पापण्या बघत होते. तिने डोळे मिचकावले तरी धस्स व्हायचं. सारखं विचारत होते, "चावलं का गं तुला? टोचलं का? दुखतंय का?" ओठ बधिर झाले, जीभ जड झाली, हे सांगायला माणसाला आधी बोलता यावं लागतं. माझ्या पोरीला आत काहीही होवो, ती सांगू शकणार नव्हती. गेली दोन वर्षं मी ह्याच गोष्टीला घाबरत होते, पण शाळेपायी, लोकांपायी. असं जिवावर बेतेल हे डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाई डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मी चमचाभर पाजला गो तिला. तू मासली साफ करत व्हतीस तवा. रातभर ठेवायचा व्हता, पन माजा दम नाय निगाला."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या शंखापायी पोर जाईल माझी. आता एक शब्द बोलू नका. तिच्याशीही नाही, माझ्याशीही नाही." रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. सासूबाईंनी मान खाली घातली आणि डब्याची सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. पिण्याने काही होत नाही, डंख लागला तरच, असं भाऊ बोलला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही. रागात होते मी.

आणि मग पुलाच्या उतारावर पोरगी आवाज करायला लागली. मी विचारलं, "चावलं का?" आणि ती म्हणाली, "ना... अ." तोंड वाकडं करून, जीभ टाळूला लावून सोडवताना कष्ट पडावेत तसं. हा आवाज तिने ह्याआधी कधी काढला नव्हता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "ना... ए." हॉर्नमध्ये नीट ऐकूही येत नव्हतं. जीभ जड होते का बघ, भाऊ म्हणाला होता. झाली. मी नवऱ्याला फोन लावून एवढंच सांगितलं, "सुरू झालं रे. जीभ जड व्हायला लागली तिची."

मला तेव्हा देवही आठवला नाही. एकच डोक्यात होतं, की हिचा आवाज मी ऐकणार तो असा, जाताना.

रुग्णालयात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. मी एका दमात सगळं ओकले. समुद्रातला विषारी शंख, हातात धरला होता, बोटावर ठिपका, आणि आता बोलणं अडखळतंय. तिने तिला खाटेवर ठेवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, डोळ्यांवर बॅटरी मारली, ओठांना कापूस लावून बघितला.

"अडखळतंय म्हणजे? आधी कशी बोलायची?"

"आधी बोलायचीच नाही."

डॉक्टरीण थांबली. "अजिबात?"

"अजिबात."

"मग अडखळतंय हे कशावरून म्हणता?"

मी म्हटलं, ऐका तुम्हीच, आणि तिच्यावर वाकून विचारलं, "चावलं का गं तुला?" ती दमली होती, घाबरली होती, माझा चेहरा बघून तर आणखीच. ओठ हलले, "ना..." आणि ती रडायला लागली. डॉक्टरिणीने नर्सला श्वासाचं यंत्र जवळ आणायला सांगितलं. त्या यंत्राच्या चाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

सासूबाई दाराशी डबा घेऊन उभ्या होत्या. रिक्षात मी ओरडल्यापासून त्या खरंच एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी इचारू?"

मी मान हलवली. त्यांनी डबा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले, खाटेजवळ आल्या आणि गॅलरीत बोलल्या होत्या तशाच सहज म्हणाल्या, "चावला काय गो बाय तुला त्यो?"

"नाय," माझी मुलगी म्हणाली.

स्वच्छ. 'य'सकट.

"हात दुकतो?"

"नाय."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "नाय म्हणतेय ती. बोलतेय की."

मी खाटेचा दांडा धरून खाली बसले. सगळ्या जगाची पोरं पहिला शब्द 'आई' म्हणतात, माझी 'नाय' म्हणाली, आणि मी तो शब्द विष समजले. मी 'नाही'ची वाट बघत होते ना. 'नाय' मला ऐकूच आला नाही.

पण इथे भीती संपली असं समजू नका. डॉक्टरीण सज्जन होती, खोटा धीर देणारी नव्हती. ती म्हणाली, श्वास ठीक आहे, पापण्या ठीक आहेत, तरी संध्याकाळपर्यंत ठेवू. आणि हिच्या नाय म्हणण्यावर मी जाणार नाही, ह्या वयात मुलं कशालाही नाय म्हणतात. कदाचित तिला तेवढाच एक शब्द येत असेल.

हे तिने बोलायला नको होतं. दुपारभर मी तेच धरून बसले. भूक लागली? नाय. पाणी? नाय. झोप? नाय. एक शब्द आलाय आणि तो सगळीकडे वापरतेय, म्हणजे चावला काय ह्यालाही नुसतंच नाय. ती खाटेवर पडून पंख्याकडे बघायची आणि मी तिच्या छातीकडे. डोळा लागला की मी तिला हलवून उठवायचे. नवरा आला, यार्डातल्या बुटांसह आत शिरला, तिच्या पायाला हात लावून उभा राहिला. "चावलं का माझ्या बायला?" विचारलं, ती त्यालाही नाय म्हणाली. तो रडला. मी त्याला सांगितलं, त्यावर जाऊ नको, ती सगळ्यालाच म्हणते.

भाऊही आला. डबा उघडून त्याने आत बघितलं, झाकण लावलं. "तोच आहे," एवढंच म्हणाला. बादलीतल्या गोड्या पाण्याने तो आता बहुतेक मेलाय, मी कॉलेजात नेतो, म्हणाला. सासूबाईंनी डबा त्याच्या हातात दिला आणि त्याच्याच कानात, पण मला ऐकू येईल अशा बेताने, म्हणाल्या, "लागू पडला पानी. बघ." इतकी घाबरले नसते तर मी हसले असते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सासूबाई चहा आणायला खाली गेल्या, नवरा कागदपत्रं करायला. आम्ही दोघीच होतो. ती उठून बसली आणि दाराकडे बघायला लागली. आजी गेली त्या दिशेला. मग माझ्याकडे. तिचा चेहरा रडवेला झाला. मी तिला कुशीत घेतलं आणि म्हटलं, "आई आहे ना इथे?"

काही नाही. गप्प.

मी दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. लहानपणी बाजारात कोळणींकडून ऐकलेलं, नाक्यावर भाजीवाल्यांशी बोलताना वापरलेलं आणि घरात नको म्हटलेलं ते बोलणं मी तोंडात आणलं. "आई हाय ना हितं?"

तिने माझ्या गळ्यात हात टाकला. "हाय."

दोन शब्द. म्हणजे तिला हाय आणि नाय दोन्ही येत होतं. कुठे कुठला म्हणायचा ते कळत होतं. मी तिचा बांधलेला हात सोडला, तो लाल ठिपका तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि सासूबाईंच्याच शब्दांत विचारलं, "चावला काय गो बाय तुला त्यो?"

तिने ठिपक्याकडे नीट बघितलं.

"नाय," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मला ते खरं वाटलं.